गायधनींचा पांढरा

मी टीव्ही विकत नाही, उघडतो.
बिटकोकडून जेल रोडला वळताना
जिन्याखाली माझं दुकान, साडेसहा फूट.
माणसं टीव्हीला तोंडानं ओळखतात,
मी पाठीनं.

जुन्या डब्याच्या पोटात काळी धूळ आणि पालीची अंडी,
तरी वीस वर्षं चालायचा, चापट्या खाऊन.
आताचे पाटासारखे पातळ,
व्होल्टेज शिंकलं की यांना ताप.
ओएलईडी देखणा खरा, काळा म्हणजे अगदी काजळ,
पण म्हसरूळच्या एका डॉक्टरांकडे
बातम्यांच्या चॅनेलचा शिक्का कोपऱ्यात असा बसलाय
की क्रिकेट लावलं तरी हलत नाही,
कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर चौकोन उरतो तसा.

गायधनी प्रेसमधले. निवृत्त.
नोटांमधल्या चुका शोधण्यात एकतीस वर्षं गेली,
केसाएवढी रेघ, अर्धा ठिपका, हललेला आकडा.
त्यांनी विचारलं, बत्तीस, त्रेचाळीस की पंचावन्न?
मी म्हटलं, खोली केवढी?
इंदूकाकूंनी भिंतीवर रविवारच्या पुरवण्या चिकटवल्या
आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
वितीनं मोजलं, तिरपं.
"साडेपाच," म्हणाल्या. "सात वितींचा आणलात
तर बातम्या सांगणारीचं नाक माझ्या मांडीवर."

त्रेचाळीस आला. साधा एलईडी. तीन वर्षांची वॉरंटी,
त्यातली दोन वेगळे पैसे भरून.

चौथ्या वर्षी फोन.
"पांढरा पिवळा पडलाय."
गेलो. सेटिंगमध्ये शिरून रंग थंड केला, आणखी थंड.
काकू म्हणाल्या, अहो, माणसं मेल्यासारखी दिसतायत.
ते म्हणाले, अजून पिवळाच.
"पांढरा मला शिकवू नकोस.
आम्ही पांढऱ्यात पांढरा शोधायचो,
वॉटरमार्क बघताना."

एवढा माणूस. मी मान डोलावली.
बॅकलाइटच्या पट्ट्या बदलल्या, अठराशे रुपये.
खरं तर मला ठाऊक होतं,
पट्टी म्हातारी झाली की पडदा निळा पडतो, जांभळा पडतो.
पिवळा पडलेला एकही मी पाहिला नव्हता.
ठाऊक असलेलं कधी कधी
पेचकसासोबत पिशवीतच राहतं.

दिवाळी उलटल्यावर ते दुकानात डोकावले, काळा चष्मा लावून.
"मोतीबिंदू काढला. डावा. उजवा पुढच्या महिन्यात."
मग चष्मा कपाळावर चढवला,
माझ्या ट्यूबलाइटकडे बघत
एक डोळा झाकला, मग दुसरा,
नोट उजेडाला धरावी तसे.
"हा पांढरा," म्हणाले.
"आणि हे तुझे अठराशे."

मी गल्ला उघडायला गेलो. त्यांनी तो हातानं मिटवला.
"पट्ट्या नव्या आहेत ना? मग असू देत.
फक्त तो थंडपणा काढ.
काल रात्री सगळे निळे दिसले,
घरात कोणी गेल्यासारखं वाटलं."

संध्याकाळी गेलो. रंग होता तिथं आणून ठेवला.
काकू शेंगा सोलत होत्या.
"मी त्याच दिवशी म्हटलं होतं," म्हणाल्या,
"पण मी कुठं प्रेसमध्ये होते."
आम्ही दोघं काही बोललो नाही.
शेंगांचा आवाज तेवढा.

चपला घालत होतो, तर आतून हाक आली.
ते पडद्यापाशी उभे, उजवा डोळा तळहातानं झाकून.
"इथं बघ. वर, कडेपासून चार बोटं आत.
एक ठिपका मेलेला आहे."

मी नाक लावून पाहिलं.
होता.
पहिल्या दिवसापासून असणार.