दाब, धर

इंदोरा चौकात फियाट डावीकडे ओढली.
पेडल एकदा पोकळ,
दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा लागलं.

उमाटे मिस्त्रींनी उजव्या पुढच्या चाकाचा ड्रम काढला,
आत बोट फिरवून वास घेतला.
"ओढते डावीकडे, दुखणं उजवीकडे.
सिलिंडर गळून राहिला, पोरी. हवा शिरली."

रबर बदललं. नळी बाटलीत.
मी आत, ते खाली.
"दाब. धर. सोडू नको अजून."
तेलात बुडबुडे. पुन्हा.
नागपूरचा मे, पत्र्याची शेड,
चप्पल घामानं सरकते.

शेजारी बाबा. गाडी जॅकवर,
तरी त्यांचा पाय माझ्यासोबत दाबतो, धरतो.
तिथलं मॅट झिजलंय
मी शिकत होते तेव्हापासून.

बुडबुडे संपले. पेडल टणक.
"सोड," मिस्त्री म्हणाले.
मी सोडलं.