फॅट किती लागली

ऑक्टॅनॉलचा वास अंगाला चिकटतो,
संत्र्याची जुनी साल आणि मेणबत्ती
एका डब्यात ठेवल्यासारखा.
वडणग्याच्या केएमटीत शेजारची बाई
खिडकीकडे सरकून बसते.
तिला काय सांगू,
दिवसभर मी एका न झालेल्या औषधाला विचारत होते:
तू कुणाचं?
पाण्याचं की तेलाचं?

घरी आण्णा. तीस वर्षं दूध संस्थेत टेस्टर.
ॲसिड, त्यावर दूध, वरून थेंबभर अल्कोहोल,
बूच अंगठ्यानं दाबून तापलेली नळी फडक्यात उलटी करायची,
यंत्रात फिरवायची
आणि पिवळ्या पट्टीवर डोळा लावायचा.
सहा आठ. सात. साडेसहा.
त्या आकड्यावर गावातल्या वह्या, चपला, गॅसची टाकी.
जेवताना रोज विचारतात,
"मग, आज फॅट किती लागली तुझ्या औषधाला?"
चेष्टा असते.
प्रश्न मात्र बरोबर असतो.

माझी म्हैस म्हणजे चिमूटभर पांढरी भुकटी.
नाव सतरा-ब.
खाली पाणी, वर ऑक्टॅनॉल,
दोघांना आदल्या रात्रीच एकमेकांची ओळख करून दिलेली,
म्हणजे आज भुकटीसमोर भांडणार नाहीत.
"घुसळू नगं, नुसतं हालीव,"
मुल्लाणी मामा दारातूनच सांगतात,
"लोणी झालं की रात्र गेली."
मी शंभर वेळा काचेची नळकांडी उलटी-सुलटी करते
आणि मग नुसती बसते,
मधली रेघ स्वच्छ होईपर्यंत.
खिडकीबाहेर सायबर चौकाचा सिग्नल
कितीदा तरी लाल होतो.

वर किती, खाली किती. भागाकार.
पाण्यात एक आणि तेलात शंभर, तर दोन.
एकाला हजार, तर तीन.
फार पाण्याचं असलं
तर पेशीच्या दारात चपला काढून उभंच राहतं,
या म्हटलं तरी आत येत नाही.
फार तेलाचं असलं तर चरबीत शिरतं, लोळतं,
पाहुणा जायचं नाव काढत नाही.

कॉम्प्युटरनं आधीच सांगितलं होतं: एक पूर्णांक नऊ.
त्याचा हिशेब तुकड्यांचा.
एवढे कार्बन, अधिक.
ऑक्सिजन, वजा. नायट्रोजन, वजा.
शेवटी रेघ मारून उत्तर,
वाण्याच्या चिठ्ठीसारखं.
मला मिळाले तीन पूर्णांक दोन.
भांडी धुतली. पुन्हा तीन दोन.
काट्यावर संशय घेतला, मामांवरही घेतला,
तिसऱ्या दिवशी तीन एक.

खोत मॅडमनी परीक्षेच्या रद्दी फॉर्मच्या पाठीवर
सतरा-बचं चित्र काढलं
आणि एक टोक वळवून पोटाशी आणलं.
"बघ, स्वतःचा हात
स्वतःच धरून बसलंय.
पाण्याला द्यायला हात उरलाच नाही."
बेरजेत हात मोजले होते.
ते कुठं ठेवलेत, ते कुणी विचारलं नव्हतं.

रात्री मी आण्णांना विचारलं,
"तुम्ही नुसतं जनावर बघून फॅट सांगायचा?"
"सांगायचो की. शंभरात ऐंशी बरोबर."
"आणि वीस?"
भाकरीचा तुकडा थोडा वेळ हातातच राहिला.
"बंडा चौगुलेची म्हैस. हाडं वर आलेली.
बघून मी पाचसुद्धा लिवली नसती.
नळीत आठ लागली.
दोनदा केलं.
धार काढताना सोता गोठ्याच्या भाईर हुबा ऱ्हायलो."
"मग?"
"मग काय. आठ लिवलं."

मी वहीत तीन पूर्णांक दोन लिहिलं.
एक पूर्णांक नऊ शेजारीच राहू दिलं, खोडलं नाही.
बाहेर हात धुताना आण्णांना अजून काही आठवलं,
नळ बंद न करताच म्हणाले,
"लाजरी हुती.
परकं माणूस दिसलं
की पान्हा चोरायची."