रिकाम्याला आवळू नये

पासुश द फरेरा, नोव्हेंबर.
धुकं शटरखालून आत सरपटतं
आणि ओकच्या भुश्शावर बसून राहतं.
सातला दहा कमी. कॉम्प्रेसर अजून खोकतोय.
मी स्पिंडलला दोन पाने लावते,
एक धरायला, एक फिरवायला.
नट सुटताना असा काही करकरतो
की कळतं, काल रात्रपाळीला
सेवेरिनूने पुन्हा खांद्याचा जोर दाखवलाय.

मीही दाखवायचे.
वाटायचं, जितकं घट्ट तितकं निर्धास्त.

मग तो अक्रोडाचा पलंग आला,
ब्रागाच्या कुणा नवरीसाठी,
उशाकडच्या फळीवर बारा फुलं कोरायची.
पहिलं फूल तीन मिलिमीटर खोल.
पाचवं साडेतीन.
नवव्याला आवाज बदलला,
अकराव्याला बिट फळी फोडून
खालच्या टेबलात घुसलं.
मी प्रोग्रामला शिव्या घातल्या,
आकडे तीनदा तपासले.
आकडे बिचारे जागच्या जागी होते.

बेल्मीरू आला. ओरडला नाही.
नट काढला, कॉलेट तळहातावर घेतलं:
लसणीच्या गड्ड्याएवढं पोलाद,
पाकळ्या पाडलेलं, तरी एकसंध.
आतून करपट तपकिरी कडं,
पाक करपून पातेल्याला धरतो तसं.
पाइनचा डिंक. कितीतरी महिन्यांचा.
"पकड कुठे होती?" तो म्हणाला,
"तू तर नुसता मळ आवळत होतीस."

मग शिकवलं, एकेक, कामाच्या मधे मधे,
कधी कॉफीचा कप हातात असताना:
पितळी ब्रश, पोलादी नाही.
तेल तर नाहीच, तेलाला भुसा चिकटतो.
चिरांमधली धूळ हवेने उडव,
आणि स्पिंडलचं तोंडही पूस,
पाहुणा न्हालेला आणि घर तसंच, असं नको.
कॉलेट आधी नटमध्ये, जरा तिरकं,
टक् वाजेपर्यंत; मगच वर.
दांडा पुरेसा आत जाऊ दे, पण तळाला टेकवू नकोस.
सहाच्या जागी पाव इंच चालतं म्हणणाऱ्याला
माझ्याकडे पाठव.

आणि हे सांगताना त्याने कप खाली ठेवला:
रिकाम्याला आवळू नये.
आत काही नसताना पिळलं
की पाकळ्या आतल्या आत मिटतात,
पुन्हा कधी सरळ उघडत नाहीत.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल,
या मुठीची किंमत मात्र शून्य.

ते ऐकलं तेव्हा झिल्बेर्तूला
लक्झेंबर्गला जाऊन चार वर्षं झाली होती.
मी काही बोलले नाही.
ब्रश घेतला आणि घासत बसले.

आता भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहिते:
हे नवं घातलं, हे काढलं.
दर शनिवारी दांडा फिरवून डायल लावते,
काटा केसभर थरथरला तरी
ते कॉलेट जुन्या डब्यात जातं.
सेवेरिनू म्हणतो, अजून चाललं असतं.
चाललं असतंच. अकराव्या फुलापर्यंत.

गेल्या रविवारी बेल्मीरूला भेटून आले.
मेंदूत रक्त साकळल्यापासून
त्याचा उजवा हात मिटलेला असतो,
चमचा धरत नाही, उघडतही नाही.
परिचारिका त्यात कापडाची गुंडाळी ठेवते,
बोटं तळव्यात रुतू नयेत म्हणून.
मी ती काढली
आणि डब्यातलं एक कॉलेट ठेवलं,
त्यानेच कधीतरी बाद केलेलं,
आदल्या रात्री घासूनपुसून नेलेलं.

खूप वेळ काही नाही.
मग अंगठा हलला, चिरेवरून चिरेवर,
एकदा गोल, पुन्हा एकदा.
डाव्या हाताने त्याने ते ओढून घेतलं,
खिडकीकडे धरलं, एक डोळा बारीक केला.

"आत अजून कडं आहे," म्हणाला.

होतं.
मी घरी आणून पुन्हा घासलं,
ते आता कुठल्याच मशीनला लागणार नाही
हे माहीत असून.