किरकोळ खर्चातून

पेंटर मन्सूर तांबोळी स्टुलावरून विचारतो,
"बाई, हे 'सर्वसमावेशक' दोन ओळींत तोडू का?
साडेतीन फुटांत मावत नाही."

वरून पत्र आलंय :
संस्थेचे ध्येय व मूल्ये दर्शनी भागी रंगवावीत,
जमीन पांढरी, अक्षर निळे,
खर्च किरकोळमधून भागवावा.
सहा ओळींचा मजकूर.
कुणी नाव ठेवावं असा एक शब्द नाही त्यात,
आणि कुणी घरी न्यावा असाही.

या गावातल्या पाट्या 'नाही' म्हणायला सरावलेल्या.
फाटकासमोर गाडी लावू नये.
दोनदा बेल दाबू नये.
पत्ता विचारू नये, आम्हालाही माहीत नाही.
मन्सूरच्या ब्रशानं तीस वर्षं हेच लिहिलं,
सदाशिव पेठेपासून पार बिबवेवाडीपर्यंत.
'या' म्हणणारी ही पहिलीच, म्हणतो,
म्हणून हात जरा अडतोय.

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या मागे
दिवसा ही तिसरी-चौथीची शाळा.
संध्याकाळी सहाला आमचं कॉलेज.
बाक तेच, ठेंगणे;
गुडघे बाहेर काढून बसतात माणसं.
फळ्यावर सकाळचा सातचा पाढा,
तो कुणी लगेच पुसत नाही.
ओठ हलताना पाहिलेत मी.

द्रौपदा गालफाडे, वय एकेचाळीस,
चार घरची भांडी उरकून रुग्णसेवेच्या वर्गाला येते.
दशांश चिन्ह तिला तापमापकानं शिकवलं.
"एवढासा ठिपका, बाई,
पण इकडचा तिकडं झाला की माणूस जातंय."

मुंढव्याचा वॉचमन सोपान तासाला झोपतो.
कुदळे सर उठवत नाहीत.
तास संपला की त्याच्या वहीत
स्वतःच फळा उतरवून ठेवतात,
अक्षर मुद्दाम त्याच्यासारखं, वाकडं.

माझं काम खिडकीचं.
अर्जात रकाना आहे : शिक्षण सोडण्याचे कारण.
दीड इंचाचा.
एकीनं लिहिलं, भाऊ.
एकानं, कोयता.
एकानं पेन खाली ठेवून विचारलं,
"मी सोडलं, असं कोण म्हणतं?"

आणि एक अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
चार वर्षांपूर्वीचा.
नाव, आणि पत्त्यात 'कात्रज', एवढंच.
आठ वाजून पाच मिनिटांनी आली होती,
बस स्वारगेटला अडकली म्हणाली.
मी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.
उद्या ये, म्हटलं.
घड्याळ बरोबर होतं.
ती उद्या आली नाही, परवा नाही,
पुढच्या जूनला नाही.
तेव्हापासून ही खिडकी आठला बंद होत नाही.
किती वाजता होते ते मी कुठं लिहिलेलं नाही,
मन्सूरलाही लिहायला सांगितलं नाही.
सहा ओळींत त्याला जागा नव्हती.

"तोड दोन ओळींत," मी म्हणते.
'सर्व' वर राहतं.
बाकीचं खाली जायचंय,
तेवढ्यात सहाची घंटा होते.
जिन्यात चपलांचा आवाज, डब्यांचा,
कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्यांचा.
द्रौपदा पाटीपाशी थांबते,
बोट ठेवून वाचते, स, र्व,
आणि बोट निळं होतं.
ते झटकायच्या नादात
अक्षराच्या उजवीकडं, पांढऱ्यावर
एक ठिपका पडतो.

मन्सूर टर्पेंटाइनची चिंधी उचलतो.
द्रौपदा पदर.
मी म्हणते, राहू दे.

रात्री बिल करायला बसते :
अक्षरे एकशे अठ्ठेचाळीस.
निळा रंग, पाव लिटर.
पांढरा, अर्धा.
ठिपका एक.
दराचा रकाना मोकळा ठेवून
मी घड्याळाकडं बघते,
आणि मग दाराकडं.