४७ द्यायचा नाही

रास्ता पेठेतल्या पतसंस्थेत
पासबुक छापायचं नवं यंत्र आलं.
खोक्यातून निघालं तेव्हा त्याला नाव होतं, गाव नव्हतं.
पोटाखाली बारा अक्षरांची जन्मखूण,
कारखान्यात गोंदलेली;
पण वायर जोडल्यावर
कुणी कुठल्या दाराशी उभं राहून हाक मारायची
ते मी ठरवायचं. त्याचे मला सातशे रुपये मिळतात.

पळसुले साहेब म्हणाले, "द्या हो कुठलाही नंबर,
तुम्हाला आवडेल तो."
असं कुठे असतं?
पहिले तीन आकडे ठरलेलेच:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
म्हणजे शहर, म्हणजे पेठ, म्हणजे बोळ.
उरतो शेवटचा. तो दाराचा.
दोघांना एकच दिला
तर आलटून-पालटून दोघेही मुके होतात.

मग खोमणेंनी कपाटातून वही काढली.
शशिकला मोघे, निवृत्त, यांचं अक्षर.
लाल शाई, पट्टीने आखलेले रकाने.
१ – राऊटर.
१० – मोठा संगणक.
२३ – कॅशियर. टेबलावर डबा उघडू नये.
३१ – मॅनेजर. उगाच बंद-चालू करतात.
४६ – काउंटर दोन.
४७ – द्यायचा नाही.
खाली दोन रेघा. कारण नाही.

द्यायचा नाही म्हटलं की बोट तिकडेच जातं.
मी ४७ ला हाक घातली. चार वेळा घालायची रीत आहे.
वाटलं, चारही रिकाम्या परततील.
चारही वेळा "ओ" आली,
इतक्या जवळून
की मी मागे वळून पाहिलं.

"तो माळ्यावर असतो," खोमणे म्हणाले,
घरातल्या न कमावत्या दिराबद्दल सांगावं तसं.

शिडी. व्हाउचरचे गठ्ठे, सुतळी, उंदराच्या गोळ्या,
आणि गोणपाटाखाली पिवळट डबा,
पडदा नाही, कळफलक नाही,
पंखा घरघरतोय, हिरवा दिवा तेवढा.
मोघेबाईंनी लावून दिलेलं काम करतो:
जे सभासद वारले,
ज्यांच्या वारसांना धाडलेली पत्रं
"पत्ता अपूर्ण" असा शिक्का घेऊन परत आली,
त्यांच्या खात्यांवर रोज रात्री व्याज चढवतो.
एकशे सोळा खाती.
पत्रं बाजूच्याच टोपलीत, दोऱ्याने बांधलेली.
सोमवार पेठ, जुना नंबर.
दत्तवाडी, पुराआधीचं घर.
लोहियानगर, नळाशेजारी.
एकावर नुसतंच: भवानी पेठ, कुणालाही विचारा.

वायर काढता आली असती.
काढायलाच हवी होती खरं तर,
इतकं जुनं यंत्र जाळ्यात ठेवू नये
असं नव्या पोरांना मीच शिकवते.
मी फडक्याने धूळ पुसली. तेवढंच.

माझं म्हणाल तर
अकरा महिन्यांचा करार, मग दुसरा.
कोंढवा, आंबेगाव, आता धायरी.
आधार कार्डावर अजून उदगीर.
माझा फोन ज्या घरात शिरेल तिथला पत्ता घेतो,
मुदतीचा.
निम्मी मुदत सरली की आपणहून विचारतो,
राहू ना अजून?
मी घरमालकाला इतक्या वेळेवर कधी विचारलं नाही.

नव्या यंत्राला ४८ दिला. कायमचा.
एंटर दाबलं, हाक घातली: ओ.
पहिलं पासबुक बोहरी आळीत
झाकणं विकणाऱ्या एका बाईचं निघालं,
जरा तिरकं. दुसरं सरळ.
लाल पेन मागून घेऊन वहीत लिहिलं,
४८ – पासबुक यंत्र.
मोघेबाईंच्या रकान्यात माझं अक्षर मावेना.

निघताना दाराशी रजिस्टर: नाव, वेळ, पत्ता, सही.
"पूर्ण लिहा," खोमणे म्हणाले, "साहेब बघतात."
मी लिहिला. इमारत, मजला, गल्ली, धायरी, पिन.
आणि पेन परत देता देता
पुढे घातलं:
सध्या.