वाघीण

मी फक्त कॅसेटी भरायचो.
भुसावळला, जामनेर रोडवर, सहा फुटांची टपरी,
दोन डेक, एक टेबलफॅन, पाटी 'सुस्वर रेकॉर्डिंग'.
लग्नसराईत हळदीची गाणी, एरवी कव्वाल्या.
शहाऐंशीच्या मे महिन्यात
धनराज फेगडे एक कॅसेट ठेवून म्हणाला,
"हिच्या पन्नास. आवाजाला हात लावू नको."

मी लावली.
आधी एक लांब शिट्टी, आउटरला अडकलेल्या इंजिनाची,
मग पत्र्यावर कोणी खडे पाखडत असल्यासारखं काही.
शेजारचा उस्मान पंक्चरवाला डोकावला, "काय भाजतोस?"
"खेळ आहे," धनराज म्हणाला, "ऐकायचा नसतो."
मी ऐकला. पन्नास वेळा.
विसाव्या खेपेला मला कळू लागलं
कुठे चित्र संपतं आणि कुठे हिशोब सुरू होतो.

यंत्र रेल्वे कॉलनीतल्या सिरिलचं,
कॉव्हेन्ट्रीच्या बहिणीने पाठवलेलं,
खोडरबरासारखी बटणं, वहीएवढा जीव.
धनराजने त्यात सावद्याचा फलाट बसवला.
केळीचे घड उचलायचे, वाघिणीत भरायचे,
गाडी सुटायच्या आत दार ओढायचं.
घड हिरवा, मग पिवळा, मग काळा.
तीन काळे झाले की संपलं.
त्याचे वडील लोडिंगचे मुकादम.
"आम्ही जलमभर केयी भरली,
हा आता टीव्हीत भरी रायला."

टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा.
धनराजला रंग आकड्यांनी ठाऊक होते,
चार म्हणजे हिरवा, सहा म्हणजे पिवळा,
शून्य म्हणजे गेला माल.
पडद्यावर सगळंच राखेचं.
तो राखेतली पिकलेली राख ओळखून खेळायचा.

सतरा विकल्या. सिरिलने नातेवाइकांच्या गळ्यात मारल्या,
दोन नाशिकच्या पोरांनी नेल्या, एकाने परत आणली.
एक विलायतेला गेली,
बुटांच्या दुकानावरच्या माडीत
खेळ छापणाऱ्या दोघा भावांकडे.
नाव इंग्रजीत करताना सिरिलने शब्दकोश उघडला
आणि पहिलाच अर्थ उचलला.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं, टाइप केलेलं.
खेळ आवडला. हिरवा रंग फार सुरेख.
फक्त एक शंका,
वाघीण कुठे आहे?
आम्ही शेवटपर्यंत खेळलो, ती आलीच नाही.

आम्ही पोट धरून हसलो.
धनराज हसला नाही.
पत्र उलटं धरून तो एकाच ओळीवर थांबला होता,
हिरवा रंग फार सुरेख.

पुढे त्याने वाघीण घातली खरी,
आठ बाय आठ ठिपक्यांत, मांजरच दिसे,
डब्याच्या दारात शेपूट हलवत.
कॅसेट पाठवली. ती तशीच परत आली,
वर शिक्का, आत काही नाही.
मग सिरिलच्या बहिणीचं कार्ड,
माडीला कुलूप, भाडं थकलेलं,
एक भाऊ आता बसवर तिकिटं फाडतो,
दुसरा कुठे ते बूटवाल्यालाही माहीत नाही.

धनराज दीपनगरला लागला, वीजकेंद्रात.
त्याच्या घरी रंगीत टीव्ही आला तोवर
बटणांखालची पट्टी तुटली होती.

बत्तीस कॅसेटी माझ्याकडे पडून.
कोरीला तेव्हा अठरा रुपये पडत.
मी त्यांच्यावर हळदी भरल्या,
धनराजला विचारलं नाही.

परवा पाडळशाची एक बाई आली,
लग्नातली कॅसेट पेनड्राइव्हवर हवी म्हणाली.
तिची आजेसासू गात होती, बांगड्या, ताट, कोणाचं तरी रडकं पोर.
गाणं संपलं, खटका वाजला,
आणि खालून ती शिट्टी.
"खराब झाली का हो?"
नाही म्हटलं. थांबा जरा.
हे चित्र नव्हे, हे हिशोबाचं आहे,
अर्धाच उरलाय, घड मोजायचा भाग.
ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

पुढचं कापू का, तिने विचारलं तेव्हा
पेनड्राइव्ह भरून झाला होता.
पन्नास रुपये घेतले.