मुका खांब

लोकर उरते ती कधीच पुरेशी नसते.
वीतभर मरून, शाळेच्या स्वेटरचा.
मुठीएवढा लिंबूरंग,
सोळंक्यांच्या सुनेच्या बाळंतविड्यातला.
आणि राखाडी मात्र बराच, दोन गुंडे,
कारण दिगंबर सरांनी ऐन वेळी
बाह्या नको म्हणून सांगितलं.

मानवतमध्ये लोकरीचं काय काम,
हे यांनी लग्नापासून किती वेळा विचारलं असेल.
खरंय. थंडी इथे येते
उंबऱ्यातल्या उंबऱ्यात बोलून
चहा न घेता जाणाऱ्या बाईसारखी.
रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात,
बाभळीच्या काट्यांना पांढरं लागून राहतं,
आणि मी पत्र्याखाली बसून
ॲक्रिलिकच्या तुकड्याला तुकडा जोडते.

नसीमआपांनी शिकवलं.
साखळी. मुका खांब. खांब. दुहेरी खांब.
मुका का म्हणायचं, मी विचारलं.
तर म्हणाल्या, सुईला वेढा न घेता
सरळ आत जातो बिचारा,
उंची नाही, नखरा नाही.
पण भांडं ठेवायचं तर त्याच्यावरच ठेव.
उंच खांबांच्या मधून बोट जातं.

पहिलं धरणं केलं ते तव्यासाठी.
वितळलं.
दोन दिवस भाकरीला वास,
आणि यांना बोलायला महिनाभर विषय.
मग सुती दोरा वेगळ्या डब्यात ठेवायला शिकले.
मग माठाखालची चुंबळ, राखाडी, मध्ये मरून वेढा,
रिमोटला झबलं,
कपाटाच्या दारात अडकवायला एक जाड चकती,
रात्री आपोआप उघडायचं ते दार.
तेवढं मात्र यांनी न सांगता वापरलं.

एप्रिलात हापसा तापतो.
दांड्याला पदर गुंडाळून हापसायचं
तर पदर भिजतो, खांदा उघडा पडतो,
आणि समोर हॉटेलातली माणसं.
एका रात्री लाईट गेल्यावर
मी जाऊन दांडा मोजून आले,
दोन वीत चार बोटं.

सगळा मुका खांब घातला. एकही भोक नाही.
लिंबूरंग संपला तिथे मरून,
मरून संपला तिथे सरांच्या बाह्या.
दांड्यावरच शिवून टाकला,
तोंडात बॅटरी धरून.

सकाळी पोरं ओरडली, हापशाला स्वेटर!
हे दाढी करता करता म्हणाले,
लोखंडाला थंडी वाजायली का गं?
मी म्हटलं, वाजायली असंल.
गल्लीत कुणी विचारलं नाही कुणी केलं,
आणि घागरी भरून गेल्या
उघड्या तळहातांनी.

मे संपता संपता तो मळला, काळा झाला,
खालच्या बाजूनं उसवला.
आज करू, उद्या करू,
माझ्याकडे पांढऱ्याखेरीज काही उरलं नव्हतं
आणि पांढरा तिथे दोन दिवस टिकला नसता.

परवा पहाटे गेले तर
उसवल्या जागी हिरवा.
गडद, पोपटी नाही, जुन्या शालीतला असावा.
हिरवा माझ्या घरात कधी आलाच नाही.
टाका माझ्यापेक्षा घट्ट,
मुकाच, पण प्रत्येक खांब जरा डावीकडे कललेला.
नसीमआपा तर दोन वर्षांपासून
लेकीकडे सेलूला. मोतीबिंदूही झालाय.

रांगेत मी बायकांचे हात बघत राहिले.
कणकेचे, चुन्याचे, एकीचं बोट भाजलेलं,
लक्ष्मीबाईंच्या नातीच्या मनगटावर बॉलपेननं
कुणाचा तरी नंबर.
डावरी कोण, तेवढं कळलं असतं
पण सगळ्याजणी दोन्ही हातांनी हापसतात.

हिरव्याचं टोक आत खोचलेलं नव्हतं.
बोटभर लोंबत होतं, गाठ न मारलेलं.
घाई झाली असेल. किंवा संपलं असेल.
किंवा पुढे कुणीतरी धरावं म्हणून.

माझा नंबर आला. घागर लावली.
उन्हाळ्यात सतराव्या हिसक्याला पाणी येतं.
सतरा मोजले.
टोक तसंच राहू दिलं.